बेड नंबर चारचा डिस्चार्ज

प्रेमिला सिस्टरबद्दल ईश्वरदासला फार थोडं माहीत होतं. किती थोडं, ते सिस्टर गेल्यावर कळलं. चर्चचे पाळकसाहेब नवे होते, सहा महिन्यांपूर्वीच नागपूरला बदलून आलेले. अंत्यविधीच्या वेळी दोन शब्द बोलायचे म्हणून ते माहिती घ्यायला शेजारी आले. वही उघडून त्यांनी विचारलं, "सिस्टरचं मूळ गाव कोणतं?"

ईश्वरदासने छताकडे पाहिलं. माहीत नव्हतं.

"लग्न झालेलं होतं?"

तेही माहीत नव्हतं.

"बरं, आवडीनिवडी? चहा वगैरे?"

"चहा घेत होत्या," ईश्वरदास म्हणाला. मग त्याला वाटलं आपण फार ठामपणे बोललो, म्हणून म्हणाला, "बहुतेक."

पाळकसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. पाच वर्षं एका जिन्यावर लागून दार असलेला हा माणूस, आणि याच्याकडून चहासुद्धा नक्की मिळत नाही! ईश्वरदासला भलतंच ओशाळल्यासारखं झालं. त्याला खरी ओळख होती ती एका भिंतीची. चार इंची, आतून पोकळ वाटावी अशी. सिस्टर त्याला माहीत होत्या त्या त्या भिंतीतून, रोज संध्याकाळी आठ ते सव्वाआठ. पण हे पाळकसाहेबांना सांगायचं कसं?

ईश्वरदास मूळचा विणकराच्या घरातला. बाप उमरेडला मागावर बसायचा. ईश्वरदासने मात्र इतवारीतल्या एका कापडाच्या दुकानात चौतीस वर्षं घड्या घातल्या. गिऱ्हाइकाशी मालक बोलायचा, गिऱ्हाईक गेल्यावर उघडलेल्या पन्नास साड्या हा घडी घालून ठेवायचा. ज्या कामात बोलावं लागत नाही असं काम मिळालं, यातच तो खूश होता. बोलायचं काम घरी बायको, गोपिका, करायची. ती गेली आणि वर्षभरात झोपही गेली. सावनेरला दिलेली मुलगी ऋतुजा त्याला धंतोलीतल्या तीन डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिघांनीही सगळ्या तपासण्या करून सांगितलं, सगळं नॉर्मल आहे. असं ऐकून लोक पेढे वाटतात. ईश्वरदासला मात्र आपला अपमान झाल्यासारखं वाटलं. मग जुन्या घरमालकाने घर पाडायला काढलं आणि ऋतुजाने त्याला मोहननगरातल्या एका तीनमजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं आणि जेवणाचा डबा लावून दिला.

पहिल्याच संध्याकाळी तो खाटेवर बसला होता. दारावर टकटक नाही, काही नाही, एकदम भिंतीतून खणखणीत बाईचा आवाज आला.

"बेड नंबर एक. नीला, कामठी. आज फोनवर हसली, उपकार मानते. गुडघा तसाच आहे. रात्री मोरीत जाताना तिले सांभाळ."

ईश्वरदास उठून उभा राहिला.

"बेड नंबर दोन. चंद्रभान दूधवाला. आज दुधात पाणी कमी होतं, उपकार मानते. पण होतं. त्याच्या मनाले जरा लागू दे."

तीन झाला. आणि मग:

"बेड नंबर चार. आजच दाखल. शेजारचा माणूस, नाव ईश्वरदास, दारावरच्या पाटीवर वाचलं. दोनदा दार उघडून बाहेर पाहिलं, उपकार मानते. पण डबा जसाच्या तसा परत गेला. चेहरा उतरलेला. आणि त्याच्या मोरीतला नळ गळते, त्याचं काहीतरी कर."

पाच आणि सहा झाले. शेवटी आवाज थोडा खाली आला. "बेड नंबर सात. जिवंत आहे, उपकार मानते. बाकी तुले माहीत आहे." मग "आमेन". आणि दहा मिनिटांत त्याच भिंतीतून घोरणं सुरू झालं.

ईश्वरदास रात्रभर जागा राहिला. नेहमीच राहायचा, पण त्या रात्री कारण होतं.

दुसऱ्या दिवशी इमारतीचा सेक्रेटरी जितेंद्र त्याच्याकडे आला. चाळिशीचा, कपाळाला कायम आठी, हातात कायम फाईल. "काका, तुमच्या शेजारीण बाई घरात पेशंट ठेवून राहिल्या असं कानावर आलं. तुम्हाले काही आवाज आला काय?"

"सात आहेत," ईश्वरदासच्या तोंडून निघून गेलं. आयुष्यात त्याने कोणाची चहाडी केली नव्हती. पण एक बेड त्याचा स्वतःचाच होता, म्हणजे ती पूर्ण चहाडी नव्हती.

दोघांनी जाऊन दार वाजवलं. दार उघडलं ते उंच, हाडापेराने मजबूत, सत्तरीच्या बाईंनी. पांढरी सुती साडी, पदर खोचलेला, छातीवर अजूनही घड्याळ पिनने उलटं लावलेलं.

"मावशी," जितेंद्र म्हणाला, "ही रेसिडेन्शियल बिल्डिंग आहे. दवाखाना चालवता येत नाही."

"कोण चालवून राहिलं?"

"तुमच्याकडे सात बेड आहेत म्हणतात."

"आहेत ना. या, पाहून घ्या. चपला बाहेर."

जितेंद्रने पाहिलं. एक लोखंडी खाट, एक खुर्ची, स्टुलावर जाडजूड पवित्र शास्त्र, त्यावर चष्मा. तो स्वयंपाकघरात डोकावला. खाटेखाली वाकून पाहिलं. तिथे कांदे होते.

"कुठं आहेत पेशंट?"

"ज्याच्या त्याच्या घरी. एक तर तुमच्या बाजूले उभा आहे."

ईश्वरदासने जमिनीकडे पाहिलं.

मग सिस्टरनी समजावून सांगितलं. अडतीस वर्षं त्यांनी मोठ्या दवाखान्यात नोकरी केली, शेवटची वीस वॉर्डाच्या इन्चार्ज म्हणून. ड्युटी सुटली म्हणून नर्सला घरी जाता येत नाही. आधी रात्रपाळीच्या सिस्टरला ओव्हर द्यावी लागते. बेडवारी सांगायचं, या पेशंटचं असं, त्या पेशंटचं तसं. ओव्हर दिली की जबाबदारी त्यांची, आपण मोकळं.

"रिटायर झाली तेव्हा पहिल्या दिवशी संध्याकाळी आठ वाजले, आणि मले समजे ना, ओव्हर कोणाले देऊ? मग म्हटलं, रात्रपाळीले कोण आहे? प्रभूच आहे. त्याले देते. देऊन टाकली की झोपते. सकाळी शास्त्र उघडून बसते तेव्हा त्याच्याकडून परत घेते. तेव्हा तो सांगते, मी चूप राहते. तेवढाच वेळ मी चूप राहते."

ईश्वरदासने धीर केला. "पण सिस्टर, एवढ्या मोठ्यानं काहून?"

"मनातल्या मनात ओव्हर देतात काय गा भाऊ? सकाळी घेणारा म्हणन, मले सांगितलंच नव्हतं. तोंडी, मोठ्यानं, बेडवारी."

"आणि ते आधी उपकार उपकार काय असते?" जितेंद्रने विचारलं. त्याला फाईलमध्ये काहीतरी लिहायचं होतं.

"ते आमच्या मेट्रनचं. ओव्हर देताना आधी पेशंटचं काय बरं आहे ते सांगायचं, मग दुखणं. दुखण्यापासून सुरुवात केली की मेट्रन म्हणे, बाहेर जा आणि पुन्हा आत ये. मी तीनदा बाहेर गेलेली आहे."

जितेंद्रने फाईल मिटली. नियमावलीत प्रार्थनेतल्या बेडबद्दल काही नव्हतं. जाताना तो जिन्यात म्हणाला, "काका, सर्किट आहे मावशी." ईश्वरदासने मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे त्यालाही समजलं नाही.

आता, ज्याच्या घरी रोज देवाचे उपकार मानले जातात ते माणूस कसं असेल, याची ईश्वरदासची एक कल्पना होती. कॅलेंडरवर असतं तसं. शांत डोळे, हलकं हसू, आवाज मऊ. सिस्टर सकाळी सहाला प्रभूकडून ओव्हर घेत आणि साडेसहाला चंद्रभान दूधवाल्याशी भांडत. माप, पाणी, वेळ आणि त्याच्या गाडीचा हॉर्न, चारही विषयांवर. नंतर झाडूवालीशी, मग मांजराशी. पण भांडण संपलं की ते खरंच संपायचं. संध्याकाळी त्याच चंद्रभानला दुसरा बेड मिळायचा, आणि त्याच्या नावाने काहीतरी उपकार निघायचाच. एकदा तर त्या म्हणाल्या, "आज आलाच नाही, भांडण झालं नाही, उपकार मानते." ईश्वरदासच्या लक्षात आलं की शांती म्हणजे आवाज नसणं, हे आपणच कुठून तरी ठरवून बसलो होतो. आवाज नसणं तर त्याच्याकडे भरपूर होतं. त्यानेच झोप उडवली होती.

पण उपकार मानायला काहीतरी घडावं लागतं. आणि ईश्वरदासच्या घरात काही घडत नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सिस्टर बेड नंबर चारपाशी अडल्या. मग, "आज त्यानं... श्वास घेतला, उपकार मानते."

ईश्वरदासला ते लागलं. एवढ्या मोठ्या माणसाच्या दिवसात सांगण्यासारखं एवढंच? दुसऱ्या दिवशी त्याने दाढी केली आणि काही कारण नसताना गॅलरीत जाऊन उभा राहिला. संध्याकाळी भिंतीला कान लावला. "दाढी केली, उपकार मानते." त्याला बोर्डाच्या परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं. त्याच्या पुढच्या दिवशी अर्धा डबा खाल्ला. नंतरच्या दिवशी पूर्ण खाल्ला, आणि डबा दाराबाहेर झाकण थोडं सरकवून ठेवला, म्हणजे रिकामा दिसावा. मग बाजारातून वॉशर आणून नळ दुरुस्त केला. त्या संध्याकाळी सिस्टरनी नळाचे उपकार इतके मनापासून मानले की ईश्वरदासला वाटलं, आपण धरण बांधलं.

खरी गोष्ट मात्र वेगळी होती, आणि ती त्याने कोणाला सांगितली नाही. गोपिका गेल्यापासून संध्याकाळच्या वेळी त्याचं नाव कोणी घेतलं नव्हतं. ऋतुजा रविवारी यायची, बाबा म्हणायची. डबेवाली काका म्हणायची. "ईश्वरदास" असं पूर्ण नाव, दिवस मावळल्यावर, कोणीतरी कोणाला तरी सांगतंय, हे ऐकलं की छातीतलं काहीतरी सैल व्हायचं. आठ वाजता नाव ऐकायचं, सात नंबरच्या बेडपर्यंत थांबायचं, आमेन झालं की आडवं व्हायचं. दोन महिन्यांत तो घोरायला लागला. ते त्याला सिस्टरकडूनच कळलं. "बेड नंबर चार. घोरून राहिला, उपकार मानते. जरा हळू घोरला तर आणखी मानीन."

अशी चार वर्षं गेली. आणि एका संध्याकाळी सिस्टर म्हणाल्या, "बेड नंबर चार. ईश्वरदास. जेवते, झोपते, दाढी करते, शेजाऱ्याची चौकशी करते. उपकार मानते. डिस्चार्ज." आणि पुढे गेल्या.

ईश्वरदास भिंतीपाशी तसाच उभा राहिला. त्याला वाटलं, चुकून म्हणाल्या असतील. दुसऱ्या दिवशी आठ वाजता तो कान लावून तयार. तीन झाला. मग, "बेड नंबर चार. जितेंद्र. आज दाखल. मले पाहून हसला, उपकार मानते. बाकी हालत चांगली नाही."

जितेंद्र! ज्याने सिस्टरना सर्किट म्हटलं, त्याला आपला बेड!

त्या रात्री ईश्वरदासला चार वर्षांत पहिल्यांदा झोप आली नाही. आणि मग सभ्य, भिडस्त, अडुसष्ट वर्षांच्या या माणसाने परत भरती होण्यासाठी जे काही केलं, ते आठवलं की अजूनही त्याचे कान गरम होतात. दाढी वाढवली. डबा तसाच ठेवला, तोही झाकण उघडं टाकून. मोरीतल्या नळाचा वॉशर काढून ठेवला, जेणेकरून टपटप चालू राहावी. शेवटी आठ वाजता भिंतीजवळ उभा राहून खोकला.

भिंतीपलीकडून लगेच आवाज आला. "प्रभू, भिंतीपलीकडे एक जण खोकून राहिला. तिकडे लक्ष देऊ नको. तो खोकला खरा नाही. अडतीस वर्षं खोकले ऐकले मी."

रविवारी ऋतुजा आली तेव्हा तिने दाढी पाहिली, नळ पाहिला. "बाबा, काय होऊन राहिलं तुम्हाले? पुन्हा डॉक्टरकडे जायचं काय?"

"काही नाही वं बाई. डिस्चार्ज झाला."

"कुठून?"

उत्तर मुलीला सांगण्यासारखं नव्हतं.

शेवटी सिस्टरनीच त्याला गॅलरीत गाठलं. दोघांच्या गॅलऱ्यांमध्ये हातभर अंतर. त्या कपडे वाळत घालत होत्या.

"काहून रुसले गा भाऊ?"

"नाही सिस्टर, रुसलो कुठं."

"नळ कोणी खोलला मग? माय तर नाही आली माझी."

ईश्वरदासने गॅलरीच्या गजावरची धूळ बोटाने पुसली. बराच वेळ पुसली. मग म्हणाला, "तुम्ही जितेंद्रले दिला बेड."

"त्याची बायको माहेरी जाऊन दोन महिने झाले. घरात एकटा बसून नियमावली वाचून राहिला. सीरियस केस आहे."

"माझं काय?"

"तुम्ही बरे झाले."

"पण मग माझं नाव कोण घेईल?" हे त्याला म्हणायचं नव्हतं. निघून गेलं.

सिस्टरनी दोरीवरच्या साडीला चिमटा लावला. "जनरल वॉर्डात बेड कमी, पेशंट जास्त," त्या म्हणाल्या. "पेशंट बरा झाला आणि घरी जात नसला ना, तर मी त्याले बाजूच्या बेडले पाणी द्यायले लावे. काही जण एवढे कामाचे निघाले की विचारू नका. जितेंद्रले जेवायले बोलवा उद्या. मग संध्याकाळी मले सांगा, काय खाल्लं. मले त्याचे उपकार मानायले काही सापडत नाही."

ईश्वरदासने जितेंद्रला बोलावलं. जितेंद्रने तीन पोळ्या खाल्ल्या आणि पाण्याच्या टाकीबद्दल दीड तास बोलला. ईश्वरदास नुसता ऐकत राहिला. ते त्याला जमतं. संध्याकाळी भिंतीतून आलं, "बेड नंबर चार. तीन पोळ्या खाल्ल्या, उपकार मानते." हे कोणी आणि कसं घडवलं, याचा उल्लेख नव्हता. ईश्वरदासला थोडं वाईट वाटलं. पण तो झोपला.

यंदा हिवाळा संपता संपता सिस्टरना दम लागायला लागला. धंतोलीच्या दवाखान्यात चार दिवस ठेवलं. हृदय थकलंय, डॉक्टर म्हणाले. सिस्टरनी तिथल्या नर्सच्या सलाईन लावण्यात तीन चुका काढल्या आणि घरी आल्या. कामठीहून बेड नंबर एकच्या नीलाची मुलगी अंजू सोबतीला आली.

त्या संध्याकाळी आठ वाजले. भिंतीतून काही आलं नाही. सव्वाआठ झाले. घोरणंही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या सकाळी अंजू जिन्यात भेटली. "काका, मावशी झोपतच नाही. बोलताना दम लागते. मी म्हटलं मनात प्रार्थना कर, तर मलेच ओरडली."

ईश्वरदास दिवसभर अस्वस्थ होता. काय करायला हवं ते त्याला दिसत होतं, आणि ते आपल्याने होणार नाही हेही दिसत होतं. स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्याने पाहुण्यांना मोठ्याने "जेवून जा" म्हटलं नव्हतं. शिवाय देव त्यांचा. आपल्या घरात कोपऱ्यात बालाजीची तसबीर. त्याला काय वाटेल, यांच्या प्रभूला काय वाटेल. आणि चुकलं तर? पाच नंबरचा बेड कोणाचा, हे त्याला क्षणभर आठवेना, त्याचीही भीती वाटली.

आठला पाच कमी असताना तो मोरीत हात धूत होता. घाईत तसाच बाहेर आला आणि भिंतीसमोर उभा राहिला. घसा साफ केला. हा खोकला मात्र खरा होता.

"बेड नंबर एक," तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की त्याला स्वतःलाच ऐकू आला नाही. पुन्हा, मोठ्याने, "बेड नंबर एक. नीला, कामठी. मुलीले मावशीकडे पाठवलं, उपकार. गुडघा तसाच आहे."

पलीकडे खाट करकरली.

"बेड नंबर दोन. चंद्रभान. आज विचारत होता, सिस्टर भांडायले कधी येणार. उपकार. दूध पातळच आहे."

तीन झाला. "बेड नंबर चार. जितेंद्र. बायकोचा फोन आला म्हणते, उपकार. पण टाकीवरच बोलला तिच्याशी." पाच नंबर बरोबर आठवला. सहा झाला. मग तो थांबला.

"बेड नंबर सात," तो म्हणाला. "तो कोण आहे, मले माहीत नाही. तुले माहीत आहे. जिवंत असन, तर उपकार."

आमेन म्हणायचं बाकी होतं. पण ईश्वरदासच्या डोक्यात काहीतरी खटकत होतं. पाच वर्षांत रोज सात बेड, आणि स्वतःचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नव्हतं. बेड तर भरलेले. मग त्याला आठवलं, बाप आजारी असताना मोठ्या दवाखान्यात जागा नव्हती, तेव्हा काय केलं होतं ते.

"आणखी एक पेशंट आहे," तो म्हणाला. "बेड नाही. खाली गादी टाकली आहे. प्रेमिला सिस्टर." आधी बरं ते सांगायचं. काय बरं होतं? तो घाबरला. आता मेट्रन बाहेर काढणार. "सकाळी अंजूवर ओरडल्या. म्हणजे थोडा दम आहे. उपकार. बाकी हालत तुले दिसूनच राहिली. आता तुमची ड्युटी." तू की तुम्ही, हे त्याचं शेवटपर्यंत नक्की झालं नाही. "आमेन," तो म्हणाला, आणि चोरी पकडली गेल्यासारखा घामाने भिजून खाटेवर बसला.

भिंतीपलीकडे खाट पुन्हा करकरली. मग तोच आवाज आला, खणखणीतपणा गेलेला, दोन-दोन शब्दांमध्ये थांबत.

"ईश्वरदासभाऊ."

"हो सिस्टर."

"नळ चालू राहिला."

"हो सिस्टर. बंद करतो."